खोडदच्या तबकड्या आणि सप्तर्षीतील स्फोट

‘पाया लेबार’ म्हणजे मलय भाषेत रुंद दलदल. या नावाच्या परिसरात १९५५ साली सिंगापूरचे आंतरराष्ट्रीय विमानतळ उभे राहिले, १९८१ साली ते चांगीला हलले, आणि मागे राहिलेली धावपट्टी वायुदलाकडे गेली. दलदल आता केवळ नावात उरली आहे. मेट्रो स्थानकाभोवती काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि रात्री आकाशाचा रंग काळा नसून फिकट नारिंगी असतो. २०१६ साली कृत्रिम प्रकाशाचा जो जागतिक नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात सिंगापूर हा जगातील सर्वाधिक प्रकाशदूषित देश ठरला. येथील सारी लोकसंख्या अशा आकाशाखाली राहते, की माणसाच्या डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय कधी होऊच शकत नाही.

अशा ठिकाणी वाढणाऱ्या माझ्या मुलीला शाळेतून अतिनवताऱ्यावर, म्हणजे सुपरनोव्हावर, काही लिहून न्यायचे होते. प्रचंड तारा आयुष्याच्या अखेरीस स्फोट पावतो आणि काही आठवडे एखाद्या अख्ख्या दीर्घिकेशी स्पर्धा करील इतका तेजस्वी होतो, एवढे तिला पुस्तकातून कळले होते. तिने दोन प्रश्न विचारले. इतक्या दूरचा तारा मेला हे कुणी पाहिले? आणि त्याने पाहिले म्हणून बाकीच्यांनी ते खरे का मानले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही ज्ञानकोशात सापडते. दुसरा प्रश्न मात्र केसपुत्तच्या कालामांनी तथागतांसमोर ठेवलेल्या प्रश्नाच्या जातकुळीतला आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना मी सिंगापूरहून थेट जुन्नर तालुक्यात जाऊन पोहोचलो. हा लेख त्या प्रवासाचा आहे.

२८ मार्च १९९३ च्या रात्री स्पेनमधील फ्रान्सिस्को गार्सिया डियाझ या हौशी निरीक्षकाने आपली दुर्बीण एम८१ या दीर्घिकेकडे वळवली. सप्तर्षीच्या परिसरात दिसणारी ही सर्पिलाकार दीर्घिका आपल्यापासून सुमारे एक कोटी वीस लाख प्रकाशवर्षे दूर आहे. खगोलशास्त्राच्या मापात हे अंतर शेजारचे म्हटले जाते. गार्सिया डियाझ यांना तिच्या एका भुजेत असा एक ठिपका दिसला, जो पूर्वी तेथे नव्हता. हे लक्षात येण्यासाठी आधीची दीर्घिका तोंडपाठ असावी लागते. नव्याने दिसलेली गोष्ट ओळखण्याची पात्रता जुनी गोष्ट शेकडो वेळा पाहिल्यानेच येते, आणि त्या पात्रतेसाठी कुणाचे गोत्र किंवा पदवी विचारली जात नाही.

परंतु ठिपका दिसला म्हणजे अतिनवतारा सापडला असे होत नाही. तो ठिपका वाटेत आलेला लघुग्रह असू शकतो, आपल्याच आकाशगंगेतील चंचल तारा असू शकतो, किंवा भिंगातील दोषही असू शकतो. म्हणून शोधाची सूचना त्या काळी आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या परिपत्रकाद्वारे जगभर पाठवली जात असे. मग दुसऱ्या देशातील, दुसऱ्या यंत्रावर काम करणारे, शोधकाशी काहीही देणेघेणे नसलेले लोक त्याच जागी पाहतात. त्यांनाही तो दिसला, तर त्याच्या प्रकाशाचा वर्णपट काढला जातो. वर्णपटाने ग्वाही दिली की मगच त्याला नाव मिळते. या स्फोटाला नाव मिळाले एसएन १९९३जे. वर्ष आणि अनुक्रमाचे अक्षर, बस्स. शोधकाचे नावही त्यात नाही.

या वर्णपटाच्या ग्वाहीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण ती वाचण्याची लिपी ज्याने दिली त्याची कथा आपल्या मुलांना शाळेत क्वचितच सांगितली जाते. ताऱ्याच्या प्रकाशाचा पट्टा पसरला की त्यात ठरावीक जागी रेषा दिसतात, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात. एके काळी समजूत अशी होती, की ज्याची रेषा ठळक ते द्रव्य ताऱ्यात अधिक, आणि ज्याची रेषा नाही ते द्रव्य ताऱ्यात नाही. १९२० साली मेघनाद साहा यांनी दाखवून दिले की रेषा दिसणे न दिसणे हे तापमान आणि दाब यांवर अवलंबून असते. अणूंतील किती इलेक्ट्रॉन सुटून गेले आहेत हे ठरवणारे त्यांचे समीकरण हाती आले आणि ताऱ्यांचे वर्णपट प्रथमच खऱ्या अर्थाने वाचता येऊ लागले. १९२५ साली सिसिलिया पेन यांनी याच समीकरणाच्या आधारे दाखवले की तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत. जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही असे नसून, दिसण्याची परिस्थिती तेथे नाही, हा साहांच्या सूत्राचा आशय मला फार मोलाचा वाटतो.

हे साहा ढाक्याजवळच्या सेवडातली गावातील एका लहान दुकानदाराचे पुत्र होते. तथाकथित खालच्या जातीतले. कलकत्त्यात शिकत असताना ईडन हिंदू वसतिगृहात उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी त्यांच्या पंक्तीला बसण्यास नकार दिला, हे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. पुढे ते स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेत अपक्ष म्हणून निवडून आले आणि देशातील नाना पंचांगांचा गोंधळ मिटवण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाले. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका ही त्या समितीच्या शिफारशीची फलश्रुती. सगळे ज्ञान वेदांत आधीच आहे असे म्हणणाऱ्यांची त्यांनी बंगालीत यथेच्छ टवाळी केली होती. दामोदर खोऱ्याच्या प्रश्नावर बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री या नात्याने काम पाहत होते, त्याच काळात साहा त्या खोऱ्याच्या चौकशी समितीवर होते, हेही आपल्या वाचकांना ठाऊक असावे. आपल्यातील जी कुटुंबे परदेशात बसूनही बाळाच्या नावाचे अक्षर गावाकडच्या पंचांगातून मागवतात, त्यांना मी दोष देत नाही. मात्र ते अक्षर मागवताना साहांचे एकदा स्मरण व्हावे.

एसएन १९९३जे याने आपल्या वर्णपटात एक विलक्षण गोष्ट दाखवली. आरंभीच्या दिवसांत त्यात हायड्रोजनच्या रेषा ठळक होत्या, आणि काही आठवड्यांत त्या मागे पडून हेलियम पुढे आले. याचा अर्थ असा, की स्फोट होण्यापूर्वीच ताऱ्याचे हायड्रोजनचे कवच जवळजवळ उतरले होते आणि केवळ पातळ थर शिल्लक होता. कवच कुणी उतरवले? जवळून फिरणाऱ्या जोडीदार ताऱ्याने, असा तर्क निघाला. स्फोटानंतर अकरा वर्षांनी, २००४ साली, मावळत्या प्रकाशात तो जोडीदार प्रत्यक्ष हाती लागला.

दृश्य प्रकाश मावळतो तेव्हा बहुतेक दुर्बिणी दुसरीकडे वळतात. रेडिओ दुर्बिणींचे काम मात्र तेव्हा रंगात येते, आणि येथेच आपली गाडी नारायणगावच्या फाट्यावर वळते.

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यातील खोडद गावाच्या माळावर, तीस प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा तबकड्या एका किलोमीटरच्या चौकात आणि सोळा तीन भुजांवर, अशा विखुरल्या आहेत की दोन टोकांतील अंतर सुमारे पंचवीस किलोमीटर होते. तिसांनी टिपलेले संकेत एकत्र केले की त्या पंचवीस किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीसारख्या तपशिलाने पाहतात. हीच ती जीएमआरटी, जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून ती साकारली. साठीच्या दशकात त्यांनी कल्याण येथे लहान तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी केली होती, नंतर उटीची, आणि मग ही. तबकड्या पत्र्याच्या नसून पोलादी तारांच्या विरळ जाळीच्या आहेत. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा पुष्कळ मोठी असल्याने लहरींना ती जाळी सलग आरशासारखीच भासते, वारा मात्र आरपार निघून जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्च आटोक्यात राहिला. माळाभोवतीच्या डोंगरांनी शहरांचा रेडिओ गोंगाट अडवला, हे जागा निवडण्याचे एक कारण होते.

आपण जुन्नर ओळखतो ते वेगळ्या कारणाने. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा या डोंगरांत मिळून जवळपास दोनशे बौद्ध लेणी या एका गावाभोवती आहेत. एकाच ठिकाणी इतकी लेणी भारतात अन्यत्र नाहीत. लेण्याद्रीच्या विहारात आज अष्टविनायकांपैकी एक गणपती बसला आहे, त्याविषयी या अंकात पुन्हा लिहीत नाही. सातवाहन काळातील तेथील ब्राह्मी शिलालेखांत दानदात्यांची नावे आहेत. धान्य विकणाऱ्यांची श्रेणी, बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी, काशाची भांडी घडवणाऱ्यांची श्रेणी; आणि परदेशातून येऊन येथे राहिलेले यवनही. त्यांपैकी चिट नावाच्या एका यवनाने संघाला भोजनमंडप दान दिला. परमुलखातून आलेल्या माणसाने दिलेला, सर्वांनी एकत्र बसून जेवण्याचा मंडप. तो लेख वाचून साहांच्या वसतिगृहाची पंक्त आठवल्यावाचून राहत नाही.

तर त्या लेण्यांच्याच तालुक्यातून, १९९३जे चा स्फोट होऊन आठ वर्षे उलटल्यावर, तीन संशोधकांनी त्याच्याकडे कान लावला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या वेळी पीएचडी करीत असलेल्या पूनम चंद्रा, त्याच संस्थेचे अलक राय, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संजय भटनागर. जीएमआरटी ४ ऑक्टोबर २००१ रोजी राष्ट्राला अर्पण झाली होती, म्हणजे यंत्रही तसे तरुणच होते.

मेलेल्या ताऱ्याकडे इतक्या उशिरा काय ऐकायचे, असे कुणालाही वाटेल. त्याचे उत्तर असे. महाकाय तारा मरण्यापूर्वी हजारो वर्षे आपला वायू वाऱ्यासारखा बाहेर सोडत असतो. हा वारा संथ असतो, सेकंदाला सुमारे दहा किलोमीटर. स्फोट झाल्यावर निघालेली आघातलाट सेकंदाला दहा हजार किलोमीटर किंवा अधिक वेगाने त्या वाऱ्यात घुसते. ताऱ्याने हजार वर्षांत जितका वारा पसरवला, तितका ही लाट एका वर्षात ओलांडते. म्हणून स्फोटानंतरचे प्रत्येक वर्ष हे ताऱ्याच्या पूर्वायुष्यातील आणखी हजार वर्षांचे पान असते, आणि पाने उलट्या क्रमाने उघडतात; आधी मृत्यूच्या लगतचे, मग त्यापूर्वीचे. आठ-नऊ वर्षे वाट पाहिली की आठ-नऊ हजार वर्षांमागचे कळते. गौतम बुद्धांच्या काळाच्याही कितीतरी मागचे. (अर्थात ताऱ्याच्या जागी हे सारे एक कोटी वीस लाख वर्षांपूर्वीच घडून गेले; आपल्यापर्यंत प्रकाश आता पोहोचतो आहे एवढेच.)

आघातलाटेत इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावू लागतात, चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओ लहरी सोडतात. खोडदला कमी वारंवारतेच्या लहरी टिपल्या गेल्या. अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या व्हीएलए दुर्बिणीकडे उच्च वारंवारतेची निरीक्षणे होती. स्फोटापासून साधारण ३२०० व्या दिवसाची दोन्ही निरीक्षणे एकत्र मांडली, तेव्हा आलेख चार गिगाहर्ट्झच्या आसपास मोडलेला दिसला. त्या वारंवारतेनंतर संकेत अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने क्षीण होत होता. कारण ज्या इलेक्ट्रॉनकडे ऊर्जा अधिक, त्याचा खर्चही अधिक वेगाने होतो. श्रीमंत इलेक्ट्रॉन आधी कंगाल होतात. आलेख कोठे मोडतो हे कळले आणि स्फोटाचे वय ठाऊक असले, की चुंबकीय क्षेत्र किती असले पाहिजे हे गणिताने निघते. ते सुमारे ०.३३ गाउस निघाले. आपल्या पायाखालच्या पृथ्वीचे क्षेत्रही याच मापाचे आहे. फरक इतकाच, की तेथे ते सूर्यमालेपेक्षा कितीतरी मोठ्या विस्तारात पसरलेले होते. कोवळ्या अतिनवताऱ्याच्या रेडिओ वर्णपटात असा मोड निरीक्षणाने प्रथमच सिद्ध झाला होता. २००४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

या निष्कर्षात एक गोष्ट अशी आहे, जी वाचून मी खुर्चीतून उठलो. त्यापूर्वी असे क्षेत्र काढताना शास्त्रज्ञांना एक गृहीतक धरावे लागे. धावणारे कण आणि चुंबकीय क्षेत्र यांच्यात ऊर्जेची समान वाटणी झालेली आहे, असे ते गृहीतक. सोयीचे होते, गणित सुटत होते, म्हणून चालत आले होते. खोडदच्या निरीक्षणांमुळे ते धरण्याची गरजच उरली नाही. क्षेत्र स्वतंत्रपणे मोजता आले. आणि मोजल्यावर दिसले की वाटणी मुळीच समान नव्हती. कणांच्या वाट्याला चुंबकीय क्षेत्राच्या तुलनेत दोन हजारांश हिस्साही आलेला नव्हता. समान वाटणी झाली आहे असे कागदावर गृहीत धरणे आणि प्रत्यक्ष कुणाच्या वाट्याला किती आले हे मोजून पाहणे, यांतील अंतर आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

खोडदचे काम तेथे थांबले नाही. २००९ साली सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एनजीसी ३२७८ या दीर्घिकेत एसएन २००९बीबी सापडला. त्याच्या रेडिओ संकेतांवरून दिसले की बाहेर फेकलेल्या द्रव्याचा काही भाग प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावत होता. एरवी असा वेग गॅमा किरणांच्या स्फोटांतच आढळे, आणि येथे तर गॅमा किरणांचा मागमूस नव्हता. जानेवारी २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्या संशोधनात अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर अलक राय, पूनम चंद्रा आणि टाटा संस्थेतील तरुण संशोधक सायन चक्रवर्ती सहभागी होते, आणि निरीक्षणांत जीएमआरटीचा वाटा होता.

अलीकडचे उदाहरण मुलांना अधिक जवळचे वाटेल. १९ मे २०२३ रोजी जपानमधील यामागाता येथील कोइची इतागाकी यांनी एम१०१ या दीर्घिकेत, सुमारे दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षांवर, एसएन २०२३आयएक्सएफ शोधला. इतागाकीही हौशीच, त्यांच्या नावावर दीडशेहून अधिक अतिनवतारे आहेत. सूचना पसरताच पृथ्वी फिरत गेली तशा एकेका देशातील दुर्बिणी त्याकडे वळल्या. लडाखमधील हानले येथे साडेचार हजार मीटर उंचीवर, सतराव्या शतकातील बौद्ध गोम्पाच्या परिसरात, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण आहे. तिचे चालन बंगळुरूजवळच्या होस्कोटे येथून उपग्रहाद्वारे होते. तिच्या शेजारीच या संस्थेने मुंबईच्या आयआयटीबरोबर उभारलेली, माणसाच्या मदतीवाचून चालणारी ग्रोथ-इंडिया ही लहान दुर्बीण २०१८ पासून काम करते. हानलेच्या आणि अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहाच्या निरीक्षणांतून दिसले की या ताऱ्याने मरणापूर्वी आपल्याभोवती दाट वायूचे वेष्टण सोडले होते आणि स्फोटाने ते पहिल्या काही दिवसांतच गिळले.

आता माझ्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिला देता आले. गार्सिया डियाझ यांचे म्हणणे लोकांनी ते सज्जन होते म्हणून मानले नाही, जुन्या ग्रंथात तसे लिहिले होते म्हणून नाही, आणि बहुमताने तर नाहीच. ज्याला शंका होती त्याला त्याच जागी स्वतः पाहण्याची मुभा होती, त्याने पाहिले. तिने त्यावर विचारले, मग मला पाहायचे असेल तर? पाया लेबारहून डोळ्यांनी नाही, हे मी मान्य केले. परंतु नव्या अतिनवताऱ्यांच्या नोंदी आज आंतरजालावर सर्वांना खुल्या असतात, आणि जीएमआरटीची निरीक्षणेही ठरावीक मुदतीनंतर कुणालाही अभ्यासासाठी मिळतात. निरीक्षणाची वेळ जगभरातून आलेल्या प्रस्तावांच्या गुणवत्तेवर दिली जाते. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. आसपासच्या खेड्यांतील शाळांची मुले आपापले प्रयोग घेऊन येतात आणि तबकड्या जवळून पाहता येतात. गावाकडची फेरी त्या दिवसांत बेतता आली तर सकाळी मानमोडीची लेणी आणि दुपारी खोडद, असे एका दिवसात सहज होते. लेणीच्या पायऱ्यांसाठी पाणी बरोबर ठेवावे, आणि तबकड्यांपाशी जाताना मोबाइल बंद करावा. तेथे तो गोंगाट आहे.

एप्रिलच्या आरंभी रात्री दहाच्या सुमारास एम८१ येथून उत्तरेच्या क्षितिजावर सुमारे बावीस अंश उंच असते, वायुतळाच्या दिशेला. आम्ही ब्लॉकच्या वरच्या मजल्यावरील गॅलरीतून होकायंत्र धरून ती दिशा नक्की केली. तेथे नारिंगी ढग आणि उतरत्या विमानाचा एक दिवा होता. मुलीने वहीत तारीख, वेळ आणि दिशा लिहिली, आणि ‘काय दिसले’ या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिले : ढग.